एका अक्षराचा पाठभेद

आजचा विषय रक्ताचा आहे; रक्तपाताचा नव्हे. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया आणि तहनामे उभे राहतात. परंतु ज्या इतिहासाची हकीगत आम्ही येथे मांडणार आहोत, तो कागदावर शाईने लिहिलेला नाही. तो सातपुड्याच्या कुशीत राहणाऱ्या हजारो भिल्ल-पावऱ्यांच्या रक्तात लिहिलेला आहे, आणि तो वाचावयास माणसाला विसाव्या शतकापर्यंत थांबावे लागले. आम्ही कोणी शास्त्रज्ञ नव्हे. जिनिंग-प्रेसिंगमधले कामगार आणि ऊसतोडीच्या टोळ्या यांची संघटना बांधण्यात आमचे आयुष्य गेले. शास्त्र जे थोडेफार कळले, ते वाचनालयाच्या बाकावर बसून आणि शब्द अडला की कोश उघडून. पण सिकलसेल नावाचा हा रोग मजुरीच्या हिशेबात इतक्या वेळा आडवा आला, की त्याचे मूळ शोधल्यावाचून गत्यंतर राहिले नाही.

प्रथम निरोगी रक्त पाहू. आपल्या रक्तातील तांबडी पेशी म्हणजे शरीरातला हमाल. फुफ्फुसात प्राणवायूचा बोजा उचलावा, तो शरीराच्या कानाकोपऱ्यात नेऊन उतरवावा आणि पुन्हा फुफ्फुसाकडे परतावे, हेच तिचे काम. ते ती सुमारे 120 दिवस करते आणि मग मोडीत निघते. बोजाला जागा व्हावी म्हणून ही पेशी वयात येताना आपले केंद्रकसुद्धा टाकून देते. तिच्या पोटात हिमोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचे सुमारे 27 कोटी रेणू दाटीवाटीने भरलेले असतात. प्रत्येक रेणूत चार साखळ्या असतात. त्यांतल्या दोन 141 कड्यांच्या आणि दोन 146 कड्यांच्या, म्हणजे एकंदर 574 कड्या झाल्या. या कड्यांना अमिनो आम्ले म्हणतात. त्यांच्या जाती अवघ्या वीस. पण कोणत्या कडीनंतर कोणती यावयाची, याचा क्रम मात्र ठरलेला.

हा क्रम कोठे लिहिलेला असतो? ज्या पेशीपासून तांबडी पेशी तयार होते, तिच्या केंद्रकात डीएनए नावाचे दप्तर असते. ते चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेले आहे. दप्तराचे काम कसे चालते हे शेतकऱ्याला सांगावयास नको. मूळ उतारा कचेरीबाहेर जात नाही; बाहेर जाते ती त्याची नक्कल. पेशीतही तसेच. डीएनएतील हव्या त्या मजकुराची आरएनए नावाची नक्कल निघते, ती केंद्रकाबाहेर येते आणि रायबोसोम नावाच्या यंत्रावर वाचली जाते. तीन अक्षरे वाचली की एक कडी जोडावयाची, पुढची तीन वाचली की पुढची कडी. डीएनएची दुहेरी गुंडाळी 1953 साली वॉटसन आणि क्रिक यांनी मांडली. त्यामागे रोझलिंड फ्रँकलिन या बाईंनी घेतलेल्या क्ष-किरण चित्रांचा आधार होता. कोणत्या तीन अक्षरांचा अर्थ कोणती कडी, ही बाराखडी 1961 ते 1966 या वर्षांत उलगडली. ती उलगडणाऱ्यांत मुलतानजवळच्या खेड्यातून आलेले हरगोविंद खुराना होते. त्यांना 1968 साली नोबेल पारितोषिक मिळाले. खुरानांचे वडील गावचे पटवारी होते, हे वाचून आम्हाला मौज वाटली. बापाने गावचे दप्तर सांभाळले. मुलाने पेशीचे दप्तर वाचले.

आता रोगाकडे वळू. अमेरिकेतील शिकागो शहरात ग्रेनाडा बेटावरून आलेला एक विद्यार्थी आजारी पडला. त्याच्या रक्तात गोल पेशींऐवजी विळ्यासारख्या वाकड्या पेशी दिसल्या. डॉ. हेरिक यांनी 1910 साली ही हकीगत प्रसिद्ध केली. 1927 साली हान आणि गिलेस्पी यांनी दाखविले की प्राणवायू कमी झाला की या पेशी वाकड्या होतात, आणि तो परत मिळाला की पुष्कळशा सरळ होतात. म्हणजे दोष आत कोठे तरी होता. तो कोठे, हे 1949 साली लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. निरोगी माणसाचे आणि रोग्याचे हिमोग्लोबिन त्यांनी विजेच्या क्षेत्रात ठेवले, तेव्हा दोन्ही निरनिराळ्या वेगाने सरकली. रोग्याच्या आईबापांसारख्या वाहकांच्या रक्तात दोन्ही प्रकार मिळाले. एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूच्या घडणीत आहे, असे सिद्ध होण्याची ही पहिलीच वेळ. पाउलिंग यांनी त्याला ‘रेणूचा रोग’ असेच नाव दिले. पुढे केंब्रिज येथे व्हर्नन इंग्राम यांनी त्या प्रथिनाचे विकराने लहान लहान तुकडे केले आणि कागदावर पसरून ताडून पाहिले. सारे ठिपके जागच्या जागी होते, एकच हललेला. 1957 साली त्या ठिपक्याची उकल झाली. 146 कड्यांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवे, तेथे व्हॅलिन आले होते. मूळ दप्तरात पाहिले तर फरक एकाच अक्षराचा.

धुळ्याच्या श्रोत्यांना पाठभेद म्हणजे काय हे समजावून सांगण्याचे कारण नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1926 साली देह ठेवला तो याच गावात, आणि समर्थ वाग्देवता मंदिरातील पोथ्याही येथेच आहेत. नकलाकाराच्या हातून एक अक्षर बदलले, की पुढच्या प्रत्येक नकलेत ते तसेच उतरते. बहुतेक वेळा अर्थ बिघडत नाही. पण कधी एका अक्षराने ओवीचा अर्थ फिरतो. येथे तेच झाले. ग्लुटामिक आम्ल पाण्याशी सलगी करणारे. व्हॅलिन तेलासारखे, पाण्यापासून अंग चोरणारे. हिमोग्लोबिनने प्राणवायूचा बोजा उतरवला की त्याचा आकार किंचित बदलतो, आणि हे व्हॅलिन शेजारच्या रेणूवरील खाचेत जाऊन बसते. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे चिकटत त्यांचे ताठ धागे वळले जातात, आणि मऊ पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पलीकडे रक्त पोहोचत नाही. हाडांत आणि सांध्यांत असह्य कळा उठतात. 120 दिवस जगणारी पेशी दहावीस दिवसांतच फुटते, म्हणून अंगात रक्त राहत नाही.

हिंदुस्थानात या रोगाची नोंद 1952 साली झाली, आणि ती एकाच वर्षी दोन ठिकाणी. लेहमान आणि कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासींच्या रक्तात हा गुण आढळला. डनलॉप आणि मजुमदार यांना आसामातील चहामळ्यांच्या मजुरांत रोगी सापडले. दुसरी नोंद आम्हाला विशेष वाटते. हा रोग आपल्या शास्त्राच्या दप्तरात शिरला तो मजुराच्या रक्तावाटे. महाराष्ट्रात नागपूरकडील नोंदी 1958 साली प्रसिद्ध झाल्या. डॉ. एस. एल. काटे आणि त्यांचे सहकारी यांनी राज्यातील आदिवासींची पाहणी करून 2002 साली आढावा मांडला. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही जमातींत या गुणाचे प्रमाण शंभरात वीस ते पस्तीस इतके चढते. भिल्ल आणि पावरा म्हणजे आपले शेजारीच. 1998 साली धुळे जिल्ह्यातून निघालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव, अक्कलकुवा, तळोदे. धुळ्याकडील शिरपूर, साक्री. जळगावकडील चोपडे, यावल, रावेर या तालुक्यांत त्यांची वस्ती आहे.

मग इतका घातक पाठभेद पिढ्यान् पिढ्या टिकला कसा? याचे उत्तर 1954 साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत शोधले. आईबापांपैकी एकाकडूनच हा गुण आला तर माणूस वाहक होतो. तो रोगी नसतो. अशा वाहकाला घातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. रानावनात हिवतापाने मुले दगावत, तेथे वाहक मुले अधिक जगली आणि गुण टिकला. दोघांकडूनही आला तर मात्र रोग. आईबाप दोघेही वाहक असले तर दर खेपेस चारात एक शक्यता रोगाची, दोन वाहकाची आणि एक पूर्ण निरोगी अपत्याची. हा गुण आला कोठून, याबद्दल पंडितांत वाद आहे. या अक्षराच्या आजूबाजूचा मजकूर ताडून पाहता भारत-अरबस्तानाकडील पोथी आफ्रिकेतल्या पोथ्यांहून निराळी दिसते. म्हणून हा बदल आशियात स्वतंत्रपणे झाला असावा, असे 1986 साली मांडले गेले. 2018 साली अधिक विस्तृत मजकूर वाचून सर्वांचा उगम एकच, असा पक्ष पुढे आला. निकाल काहीही लागो. यात कुळाचा दोष नाही की देवाचा कोप नाही. हिवतापाशी झालेल्या झुंजीची ही खूण आहे.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. धागे वळावयास काही क्षण लागतात. बोजा उतरवलेली पेशी त्या आत फुफ्फुसाकडे परतली, तर ती वाचते. म्हणजे दर फेरीला ही शर्यतच आहे. पेशीतले पाणी थोडे जरी आटले तरी हिमोग्लोबिनची दाटी वाढते आणि धागे कित्येक पटीने लवकर वळतात. थंडीने रक्तवाहिन्या आवळल्या की पेशी वाटेत रेंगाळतात. अतिश्रमाने प्राणवायू लवकर संपतो. ताप आला तर आणखी भर. आता ऊसतोडीचा फड डोळ्यांपुढे आणा. दिवाळीनंतर टोळ्या गुजरातेत आणि दक्षिणेकडे निघतात. पहाटेच्या गारठ्यात तोड सुरू होते, दुपारी ऊन चढते, पाण्याचा हंडा लांब कोपीपाशी, आणि गाडी भरावयाची ती वेळ-अवेळ न पाहता. शास्त्राने जी जी गोष्ट वर्ज्य सांगितली, ती ती येथे रोजच्या कामात आहे. हातात कोयता आणि रक्तात विळा, असा हा गडी एखाद्या दिवशी कळांनी तळमळत पडतो. मुकादम त्याला कामचुकार म्हणतो आणि खाडा मांडतो. असे खाडे आम्ही किती तरी वेळा पाहिले आहेत. सर्वच रोग्यांना सारखा त्रास होत नाही, हे खरे. अंगातील इतर गुणांवरही पुष्कळ अवलंबून असते. पण आमचे म्हणणे एवढेच की रोगाचे कारण रेणूत असले, तरी कळ कधी उठावी हे पुष्कळदा कामाची जागा ठरविते. पहिली गोष्ट जन्माने येते. दुसरी कराराने बदलता येते.

ज्ञान वाढले की न्याय आपोआप वाढतो, असे मात्र कोणी समजू नये. ज्या पाउलिंग यांनी या रोगाचे मूळ शोधले, त्यांनीच 1968 साली वाहकांच्या कपाळावर खूण गोंदावी असे सुचविले होते. एवढा मोठा माणूस, पण कपाळ कोणाचे याचा विचार सुटला. अमेरिकेच्या विमानदलाच्या अकादमीत वाहकांना 1981 पर्यंत प्रवेश नव्हता. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत नोकरांचे रक्त त्यांना न सांगता तपासल्याचे प्रकरण न्यायालयात गेले, आणि 1998 साली अपील न्यायालयाने त्या नोकरांचा दावा चालविण्याजोगा ठरविला. तपासणी हवीच, पण तपासणीचा कागद रोग्याच्या हाती असावा, मालकाच्या नव्हे.

आपल्याकडे 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. आदिवासी भागातील चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असा तिचा संकल्प आहे. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, ही चांगली गोष्ट. पण त्याच कायद्याने नोकऱ्यांतील चार टक्के राखीव जागांसाठी जी यादी केली, तीत या रोगाला जागा दिली नाही. औषधाचे म्हणाल, तर 1995 साली हायड्रॉक्सियुरिया या औषधाने कळांचे झटके कमी होतात हे सिद्ध झाले. ते अंगातील गर्भावस्थेचे हिमोग्लोबिन वाढविते, आणि ते धाग्यांत सामील होत नाही. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने जनुकाची दुरुस्ती करणाऱ्या उपचारास मान्यता दिली. त्याची अमेरिकेतील किंमत 22 लाख डॉलर. माणसाने दप्तर वाचले आणि आता त्यात हातही घातला, हा पराक्रम आम्ही कमी लेखीत नाही. पण धडगावच्या मजुराला 22 लाख डॉलरांची वाट पाहावयास सांगणे ही थट्टा होईल.

त्याच्यासाठी ज्या गोष्टी हव्यात त्या आवाक्यातल्या आहेत. टोळी निघण्यापूर्वी इच्छुकांची तपासणी आणि तिची गुप्तता. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या तालुक्याच्या दवाखान्यात, आणि फडाजवळच्या दवाखान्यातही. फडावर पाणी आणि सावली, थंडीत पांघरूण. कळ आली तर खाडा न धरता आजारपणाची रजा. उचलीच्या करारात ही चार कलमे लिहून घेणे हे संघटनेचे काम आहे, आणि त्याला शास्त्राचा आधार आहे हे सांगण्यासाठीच आम्ही हा सारा खटाटोप केला. रक्तातले अक्षर आज आपल्या हाती नसेल. करारातले अक्षर आहे. येत्या दिवाळीपूर्वी ते लिहून घ्यावयाचे आहे.