विजेची कांडी आणि मॅग्नेशियम

कत्तलीआधी भेदरलेल्या डुकराच्या स्नायूंत आम्ल झपाट्याने वाढते. मांस फिकट, पाणचट होते. १९९१मध्ये या भेदरण्यामागचा एक जनुकदोष सापडला, पण तो नसलेली डुकरेही घाबरतातच. १९९८मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगात डुकरांना कत्तलीपूर्वी पाच दिवस खाद्यातून मॅग्नेशियम अ‍ॅस्पार्टेट दिले गेले. काहींना विजेच्या कांडीने हाकलले, काहींना शांतपणे नेले. मॅग्नेशियम खाल्लेल्यांत कांडी सोसूनही मांस बिघडण्याचे प्रमाण घटले. प्रयोग चोख, पण त्याच्या आधारे कांडी निर्दोष ठरवता येते, हे मला खटकते. मांस सुधारले म्हणजे झटका लागला नाही, असे थोडेच आहे? त्याच दशकात अमेरिकेत टेंपल ग्रँडिन कत्तलखान्यांत फिरून किती जनावरांना कांडी लागते, किती ओरडतात, हे मोजत होत्या.