गोळी मनाची, मग डोळे का कोरडे?

आजची गोष्ट सुरू होते मुंबईत, 1949 साली. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये पेपर छापला: सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो. मग 1952 मध्ये या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि ते जगभर पोचलं. पण काही पेशंट या औषधावर उदास होऊ लागले. 1955 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना दिसलं, की रेसर्पिन शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा करतं. म्हणजे उदासीचा रसायनांशी संबंध असणार, ही शंका पक्की होत गेली.

तिकडे स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून इमिप्रामिन हे औषध स्किझोफ्रेनियासाठी तपासत होते. फायदा झाला तो डिप्रेशनच्या पेशंटना! 1957 मध्ये त्यांनी हे छापलं. पण या गोळीने तोंड सुकायचं, डोळेही कोरडे पडायचे.

का? 'पाणी सोडा' हा निरोप अश्रुग्रंथींपर्यंत अॅसिटिलकोलिन नेतं. इमिप्रामिन तो निरोप घेणारं दारच अडवतं. आपल्याकडच्या धोतऱ्यातलं अॅट्रोपिनही नेमकं हेच करतं.

पुढे 1987 मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मंजुरी मिळाली. या नव्या गोळ्या ते दार फारसं अडवत नाहीत. तरीही कोरड्या डोळ्यांवरच्या 2017 च्या आंतरराष्ट्रीय अहवालात डिप्रेशनवरच्या गोळ्या धोक्याच्या यादीत आहेतच. अर्थात सगळा दोष गोळीचाच असतो असं नाही. खुद्द डिप्रेशनचाही कोरड्या डोळ्यांशी संबंध दिसतो.

आता भिवंडीत या. लूमवर सुताचे तंतू उडतात, रस्त्यावर धूळ, रात्री हातात मोबाईल. डोळे चुरचुरले की आपण यांनाच दोष देतो, आणि तो चुकीचाही नसतो. पण डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कुठलं औषध चालू आहे?" तर मनाच्या गोळीचं नाव ओठांवर येत नाही. लोक काय म्हणतील! मग नुसते ड्रॉप्स बदलत राहतात. काहीजण तर गुपचूप गोळीच सोडून देतात.

तसं अजिबात करू नका. अचानक गोळी बंद केली तर चक्कर, बेचैनी येऊ शकते, आजारही उलटू शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा, मानसोपचारतज्ज्ञांना डोळ्यांचा त्रास सांगा. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवून अश्रू मोजता येतात. ऑटो शिर्मर यांची ही टेस्ट 1903 पासून आहे. मग ड्रॉप्स, डोस की औषधच बदलायचं, हे दोन्ही डॉक्टर ठरवतील.

मन सावरायला डोळे जाळून घ्यायची गरज नाही. फक्त बोलायला हवं. भेटू पुढच्या भागात!