पुण्याच्या पत्त्यावरची तारकागणना

1996 साली ‘ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स’ या युरोपीय नियतकालिकात आकाशगंगेच्या रचनेवर एक शोधनिबंध आला. पहिले नाव देवेंद्र ओझा यांचे, पत्ता आयुका या खगोलसंशोधन संस्थेचा, गणेशखिंड, पुणे. सोबत बिएनेमे, रोबँ, क्रेझे हे फ्रेंच सहकारी आणि व्ही. मोहन. तारे मोजून आकाशगंगेचा आकार ठरवायच्या कामात महाराष्ट्राचा वाटा किती, हे या निबंधावरून आणि त्याच्या मागच्या-पुढच्या लेखांवरून बरेच उलगडते.

मोजले गेलेले आकाश मात्र पुण्याचे नव्हते. (आजच्या चाकण-भोसरीच्या उजेडात तर तो विचारही नको.) श्मिट दुर्बिणींनी टिपलेल्या छायाचित्रपट्ट्या पॅरिसच्या ‘मामा’ यंत्रावर मोजल्या गेल्या. 1994 च्या दोन लेखांत दिशा नोंदलेल्या आहेत: एक आकाशगंगेच्या केंद्राकडची, दुसरी जवळपास तिच्या उलट, आणि दोन्ही आकाशगंगेच्या प्रतलापासून 47 अंश वर. आतली रचना शोधायची आणि नजर इतकी वर का? प्रतलातली धूळ ताऱ्यांना झाकते म्हणून. विल्यम हर्शेलने 1785 साली आकाशाच्या 683 भागांतल्या मोजण्यांवरून सूर्य जवळजवळ मध्यभागी ठेवला, त्याला ही धूळच बरीचशी जबाबदार. वर पाहिले की धूळ विरळ होते आणि केंद्राकडे तारे किती जास्त, उलट दिशेला किती कमी, हा फरक वाचता येतो.

मोजणीला ताऱ्यांच्या सरकण्याचीही जोड होती. त्यातून आकाशगंगेच्या पातळ तबकडीपेक्षा जास्त उंच पसरलेली ‘जाड तबकडी’ वेगळी काढता आली. तिची प्रमाण-उंची 760 पार्सेक, म्हणजे अडीच हजार प्रकाशवर्षे निघाली. तेवढे वर गेल्यावर ताऱ्यांची दाटी साधारण तिसऱ्या हिश्शावर येते. सूर्याच्या परिसरात तिचे तारे पातळ तबकडीच्या 7.4 टक्के. हे दोन आकडे सुटे वाचू नयेत. उंची थोडी वाढवून टक्केवारी थोडी घटवली तरी तीच मोजणी बरीचशी जुळते.

2001 च्या लेखावर पत्ता मुंबईच्या टीआयएफआर या संशोधनसंस्थेचा आहे. लेखक एकटे ओझा, आणि पट्ट्यांच्या जागी टू-मास या अवरक्त सर्वेक्षणातली सात क्षेत्रे. पातळ तबकडीची प्रमाण-लांबी (म्हणजे प्रमाण-उंचीसारखेच, पण केंद्रापासून बाहेरच्या दिशेने मोजलेले अंतर) 2.8 किलोपार्सेक, जाडची 3.7. पहिल्या आकड्याची कसर 0.3 आहे, दुसऱ्याची वरच्या बाजूला 0.8, खाली 0.5. त्यामुळे जाड तबकडी अधिक लांब असण्याकडे कल दिसतो एवढेच म्हणता येते, ठासून नाही.

आकाशगंगेच्या मध्यभागी असलेल्या फुगवट्याकडे ओझा वळले 2003 मध्ये, आयएसओ उपग्रहाच्या 7 आणि 15 मायक्रॉनवरच्या निरीक्षणांसह. धुळीतून पार जाणाऱ्या या प्रकाशात, केंद्राच्या वर-खाली 1 ते 4 अंशांच्या पट्ट्यात, 15 मायक्रॉनवर 1464 स्रोत सापडले. त्यांतले बरेचसे आयुष्याच्या अखेरीस पोहोचलेले राक्षसी तारे होते, आणि त्यांतले काही वस्तुमान गमावत होते.