वाघूरच्या काठची माणसं

मंडळी, आज आपण शहरापासून साधारण शंभर किलोमीटरवर, अजिंठ्याला जाऊ. लेणी बघायला नाही, लेण्यांपुढच्या ओढ्याकडे. वाघूर त्याचं नाव, कुणी वाघोरा म्हणतं. सातकुंडातून उड्या घेत खाली येतो, घोड्याच्या नालासारखं वळण घेतो आणि पुढे खानदेशात तापीला मिळतो. उन्हाळ्यात त्यात पाणी शोधावं लागतं. पण त्याच्याच वळणाने कातळाची भिंत उघडी पडली आणि तीत तीस लेणी कोरली गेली. भिक्षूंना वर्षावासासाठी निवारा हवा, पाणी हवं. पूर्वी लेण्यांपासून ओढ्यापर्यंत पायऱ्या उतरत. आजची सलग वाट नंतरची.

28 एप्रिल 1819 रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने लेणी 'शोधली', असं आपण शाळेत शिकलो. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने नाव कोरलं. ते आज आपल्या डोक्याच्याही वर दिसतं, कारण तो उभा होता साचलेल्या दगडमातीच्या ढिगावर. वाट एका गुराखी पोराने दाखवली, असं सांगतात. आता बघा, वाट दाखवणारा होता, तर मग शोध कसला? आम्ही आयुष्यभर ज्ञानमीमांसा शिकवली, दाखले मात्र ग्रीसचे दिले. हा घराजवळचा दाखला सुचला नाही, याचं आता वाईट वाटतं.

या डोंगरात भिल्लांची वस्ती. 1818 साली खानदेश इंग्रजांकडे गेला, घाटावरचा मुलूख निजामाचा राहिला. म्हणजे भिल्लांच्या रानातूनच सरहद्द गेली. गोऱ्या प्रवाशांनी त्यांना लुटारू ठरवलं. 1825 मध्ये जेम्स औट्रमने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. भिल्लांचा बंदोबस्त भिल्लांकडूनच! त्याच डोंगररांगेत, कन्नडजवळ, 1986 साली अभयारण्य झालं. त्याचं नाव गौताळा औट्रमघाट. स्वातंत्र्यानंतर एकोणचाळीस वर्षांनी, बरं का.

आणि अजिंठा गावात एक कबर आहे, पारोची. 1844 पासून लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करणाऱ्या रॉबर्ट गिलची ही इथली सोबतीण. ती कुठल्या जमातीची, यावर लोक अजून वाद घालतात. कबरीवर तिचं नाव आणि 1856 हे साल आहे. मजकूर इंग्रजीत आहे.