पैनगंगेपलीकडचा परदेश

1938 साली शिक्षणासाठी परमुलखात जायला जहाज लागत नसे. नांदेडकराने पैनगंगा ओलांडली किंवा लातूरकराने बार्शी गाठली की राज्य बदलत असे. मागे निजामाचा हाली सिक्का, त्याचेच टपाल, त्याचीच करोडगिरी. पुढे इंग्रजी अंमल. (पैनगंगेपलीकडचे वऱ्हाड कागदोपत्री निजामाचेच होते, ही गंमत वेगळी.)

त्या वर्षाच्या अखेरीस वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरल्याबद्दल औरंगाबाद व हैदराबाद येथील शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. तेथे तेव्हा काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते. सभा-भाषणांना संस्थानात नसलेली मोकळीक होती. पण देश ज्यांच्याविरुद्ध लढत होता, त्या इंग्रजांचाच हा मुलूख! आणि सोडून आलेले उस्मानिया विद्यापीठ तरी सर्वस्वी तिरस्करणीय कुठे होते? भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. ती भाषा मात्र उर्दू होती, मराठी नव्हे. राग राज्याचा होता. घर, शेत आणि गोदावरी त्याच राज्यात होती.

या पिढीतील अनेक जण पुढे स्टेट काँग्रेसच्या लढ्यात उतरले. 1947-48 मध्ये उमरखेडच्या कॅम्पवरून नांदेडच्या हद्दीत कारवाया होत. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजाम शरण आला. हाली सिक्का त्यानंतरही काही वर्षे बाजारात चालत राहिला.