साण्याची कुळकथा

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी ज्या अवर्षणप्रवण पट्ट्यात येते, तेथे वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडत असल्याने सपाट मातीच्या छताचे, म्हणजे धाब्याचे घर रूढ झाले. लाकडी तुळयांवर काटक्या व पाला पसरून वर पांढरी माती, म्हणजे ओली होताच फुगून पाणी अडवणारी खारवट माती, चोपली जाई. खिडक्या नावालाच असल्याने चुलीच्या धुरासाठी या छतात एक भोक ठेवत आणि पावसात ते झाकून घेत. हे भोक म्हणजे साणे.

साण्याचे खरे काम धुरापुरते नव्हते. चुलीने तापलेली हवा हलकी होऊन साण्यातून वर निघून जाई आणि तिची जागा घ्यायला दारातून गार हवा आत ओढली जाई. दार आणि साणे यांच्या उंचीतला फरक जितका अधिक, तितकी ही ओढ जोरकस. १० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, धूलिकण काही मिनिटांत जमिनीवर बसतो, तर धुरातला १ मायक्रॉनचा कण तासन्‌तास तरंगत राहतो, आणि अशा तरंगत्या कणांना बाहेर काढायला हवेची ही ओढ उपयोगी पडते. मात्र दारातून येणारी हवा अंगणावरची धूळही आत आणते, म्हणून अंगणातला शेणसडा आणि घरातली सारवलेली जमीन ही त्याच व्यवस्थेची खालची बाजू मानली पाहिजे. अंगणापलीकडच्या धुळीचेही तसेच. राळेगणमध्ये १९७५नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने आलेली चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाणलोटासाठी होती, पण उघड्या माळावर गवत धरले की वाऱ्याबरोबर उडणारी मातीही कमी होते, हा त्यांचा कमी सांगितला जाणारा लाभ आहे.

चुलीला पर्याय ठरलेल्या शेणवायूचा महाराष्ट्रातील धागा १८९७मध्ये मुंबईतील माटुंग्याच्या कुष्ठालयात मैल्यापासून मिळवलेल्या वायूपर्यंत जातो, आणि राळेगणने पुढे शौचालयांना जोडलेले संयंत्रही उभारले. गावोगाव चुलीचा धूर कमी होत गेला, ही बायकांच्या फुप्फुसांसाठी मोठीच सुटका होती. परंतु धाब्याच्या जागी स्लॅब आला तेव्हा धुराबरोबर साणेही अनावश्यक ठरले, आणि हवा वर जायची वाटच बंद झाली. छताचा पंखा ही उणीव भरून काढत नाही, कारण तो आतलीच हवा घुसळून बसलेली धूळ पुन्हा उडवतो. स्लॅबच्या घरात साण्याचे काम छतालगतचा व्हेंटिलेटर करू शकतो. त्यासाठी तो समोरच्या भिंतीतील खालच्या खिडकीच्या जोडीने बसवावा लागतो, आणि त्याची जाळी धुळीने बुजू न देता वेळोवेळी झाडून काढावी लागते.