यूष, येळवणी आणि अळणी

वस्तु गेली म्हणजे तिचें नांवही जातें, असें आपण सहज समजतों; आणि पुष्कळ ठिकाणीं तें खरेंही आहे. मोट गेली, तिच्याबरोबर नाडा आणि धाव हे शब्दही मावळले. परंतु स्वयंपाकघराचा न्याय निराळा आहे. तेथें पदार्थ चुलीवर जसाच्या तसा राहतो, आणि नांव मात्र मालक बदलावा तसें बदलत जातें. रस्सा, कढण, आमटी, सार अशा पातळ पदार्थांच्या नांवांत हें जितकें स्पष्ट दिसतें तितकें इतरत्र क्वचितच दिसेल.

प्रथम इंग्रजीचें उदाहरण घेऊं. ‘ब्रूइस’ हा शब्द एके काळीं मांसाच्या रसाला, आणि पुढें त्यांत भिजविलेल्या पावाला लावीत. ‘कलिस’ म्हणजे आजाऱ्यासाठीं गाळून काढलेला कसदार रस. गाळणें या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो आला. ‘पॉटेज’ म्हणजे भांड्यांत शिजलेलें कालवण. एसावनें मसुरीच्या ज्या कालवणासाठीं आपला वडीलकीचा हक्क विकला, त्याला १६११ च्या इंग्रजी बायबलांत हेंच नांव आहे. आज ब्रूइस व कलिस कोशांत निजले आहेत, आणि पॉटेजचें ‘पॉरिज’ होऊन त्याचा अर्थ ओटची लापशी असा झाला. मांस शिजवून त्याचा रस काढण्याचें इंग्रजांनीं कांहीं सोडलें नव्हतें. मग हे शब्द कां गेले? तर सतराव्या शतकांत फ्रेंच पाकशाळेंतून ‘सूप’ हा शब्द आला, आणि प्रतिष्ठितांच्या पंगतींत त्यालाच मान मिळाला. गंमत अशी कीं, या सूपचा मूळ अर्थ रसांत भिजलेला पावाचा तुकडा, एवढाच होता.

आतां आपल्याकडे वळूं. संस्कृतांत अशा पदार्थांना जीं नांवें आहेत त्यांत ‘यूष’ हें फार प्राचीन होय. लॅटिनमध्यें याच अर्थाचा ‘यूस’ शब्द आहे. तोच फ्रेंचमधून इंग्रजींत जाऊन ‘ज्यूस’ झाला. रशियनांच्या माशाच्या पातळ कालवणाचें ‘उखा’ हें नांवही त्याच कुळांतलें. म्हणजे ज्या शब्दाला आपण परका समजतों तो आपल्याच यूषाचा दूरचा भाऊबंद आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत यूषाला मोठें स्थान आहे. शोधनोपचारानंतर रोग्याला एकदम नेहमींचें अन्न न देतां पायरीपायरीनें चढवावें, असें चरकांत सांगितलें आहे. प्रथम पेया, मग विलेपी, मग अकृत यूष, मग कृत यूष, त्यानंतर अकृत मांसरस आणि शेवटीं कृत मांसरस. अकृत म्हणजे ज्यांत स्नेह, मीठ व तिखट द्रव्यें नाहींत तो. हीं पडलीं कीं तो कृत. ही जोडी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

यांतील ‘पेया’ मराठींत ‘पेज’ होऊन सुखानें नांदते आहे. ‘यूष’ मात्र वैद्यांच्या पोथीबाहेर राहिला नाहीं. मुगाच्या यूषाला घरोघरीं ‘कढण’ म्हणूं लागले. कढण आणि कढी या दोघी ‘क्वथ्’ म्हणजे उकळणें या धातूच्या लेकी. ‘सूप’ या संस्कृत शब्दाची कथा याहून चमत्कारिक. सूप म्हणजे वरण किंवा डाळीचें कालवण. त्यावरूनच आचाऱ्याला सूपकार म्हणत, आणि विराटाघरीं बल्लव बनून राहिलेल्या भीमानें हेंच काम पत्करलें होतें. परंतु मराठींत धान्य पाखडण्याच्या ‘शूर्पा’चेंही सूपच झालें. एका म्यानांत दोन तलवारी राहीनात. पाखडण्याचें सूप राहिलें. खाण्याचें सूप पंडितांपुरतें उरलें. १८७५ सालीं रामचंद्र सखाराम गुप्ते यांनीं आपल्या पाकग्रंथाला ‘सूपशास्त्र’ हें नांव दिलें, ही त्याची शेवटची आठवण म्हणावी. पुढें इंग्रजांचें सूप आलें आणि रिकाम्या जागीं येऊन बसलें. ध्वनिसाम्यावरून या दोघांना सख्खे भाऊ मानण्याचा मोह होतो. पण केवळ साम्य हा नात्याचा पुरावा नव्हे.

मधल्या काळांत फारसीनें ‘शोरबा’ दिला. शोर म्हणजे खारट आणि बा म्हणजे पातळ कालवण. आमच्या कोल्हापुराकडे मात्र शोरब्याचाही फारसा शिरकाव झाला नाहीं आणि सूपचाही. मांसरसांतील मांस गळून राहिलेल्या रसाचा रसा, आणि त्यावर जोर पडून रस्सा, हाच येथें टिकला.

शाकाहारी घरांतला एक शब्दही येथें सांगितला पाहिजे. पुरणाची डाळ शिजल्यावर जें पाणी काढून घेतात त्याला पुण्याकडे कट म्हणतात. आमच्या कसबा बावड्यांत त्याची आमटी ती ‘येळवणी’. शिजलेल्या अन्नांतील पाणी काढून टाकणें म्हणजे वेळणें. आमच्या बोलींत वेळेची जशी येळ होते, तसें वेळण्याचें येळणें. उरलेलें ‘वणी’ म्हणजे पाणीच. दोन स्वरांमध्यें सांपडलेल्या ‘प’चा ‘व’ होतो. तापाचा ताव आणि दीपाचा दिवा होतो तो याच नियमानें. ‘पानीय’ एकटें होतें तेव्हां पाणी झालें, समासांत शिरलें तेव्हां वणी झालें. गुळवणी, चिंचवणी हीं त्याचींच भावंडें; आणि उसाची लावण झाल्यावर बावड्याचा शेतकरी जें आंबवणीचें पाणी देतो त्यांतही तेंच ‘वणी’ आहे. ज्याला पुष्कळ लोक गांवंढळ उच्चार म्हणून हंसतात, त्यांत असा भाषेचा नियम जपलेला असतो.

शेवटीं अळणीकडे येऊं. कोल्हापुरी घरांत मटण प्रथम हळद, मीठ, आलें-लसूण घालून शिजवितात. त्या पाण्याचा कांहीं भाग नारळाच्या दुधांत जाऊन पांढरा रस्सा होतो, कांहीं तिखटांत जाऊन तांबडा. परंतु त्याआधीं एक वाटी बाजूला काढून लहान मुलाला, आजाऱ्याला किंवा बाळंतिणीला देतात. तीच अळणी. शब्द ‘अलवण’ यापासून आला. अर्थ मीठ नसलेलें. पण त्यांत मीठ तर असतें! मग हें नांव कसें?

आमचा तर्क असा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (११२६–११३८) याच्या ‘मानसोल्लासां’त मांसाच्या अनेक पाककृति आहेत, कोल्हापूरचे शिलाहार तेव्हां चालुक्यांचेच मांडलिक. त्या पाककृतींत मिरें आहे, हिंग आहे, सैंधव आहे. मिरची नाहीं, कारण ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकांत या देशीं आली. म्हणजे तांबडा रस्सा आजच्या रूपांत त्याहून जुना असणें शक्य नाहीं. मिरची आल्यावर सौम्य आणि जहाल यांच्यामधली सीमारेषा मिठावरून सरकून तिखटावर गेली. पदार्थांत मीठ आलें, तरी नांव जुन्या सीमेवरच उभें राहिलें. अळणी आणि तांबडा ही अकृत आणि कृत मांसरसाचीच जोडी होय. कोल्हापूरच्या गृहिणीनें चरक वाचला होता असें आम्ही म्हणत नाहीं. कदाचित् घरांतली रीत आधीं आणि वैद्यांची परिभाषा नंतर, असाही क्रम असेल. पण आजाऱ्याला प्रथम अकृत आणि मग कृत द्यावें, हा विवेक ग्रंथांत आणि चुलीपाशीं सारखाच आहे, आणि चुलीपाशीं तो अजून मोडलेला नाहीं.

म्हणून शब्द हरवण्याची खंत केवळ भावनेची नाहीं. भोजनगृहांच्या पत्रिकांत आज कढण, सार, अळणी या साऱ्यांना ‘सूप’ हें एकच नांव मिळूं लागलें आहे. नांव एक झालें कीं, कोणता रस कोणाला, केव्हां आणि कां द्यावा, हा भेदही हळूहळू पुसट होतो. इंग्रजीचे ब्रूइस आणि कलिस निदान कोशांत तरी नोंदले गेले. येळवणीसारखे आमचे कित्येक शब्द आजींच्या तोंडींच आहेत. आपल्या घरीं पातळ पदार्थांना कोणकोणतीं नांवें आहेत आणि त्यांत फरक काय, एवढें ज्यानें त्यानें विचारून लिहून ठेवलें, तर मराठीच्या पुढच्या कोशकारावर मोठे उपकार होतील.